न फुटलेल्या अंड्यांचा हिशेब

कीटकनाशकाच्या चाचणीचा तक्ता ज्याने एकदा भरला आहे, त्याला त्यातले रकाने पाठ असतात: २४ तासांनी, ४८ तासांनी, ७२ तासांनी, आणि प्रत्येक रकान्यात मेलेल्या किडींचा आकडा. विदर्भातील एका कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मी असे कित्येक तक्ते भरले. त्यातला एक मला आजही अस्वस्थ करतो, कारण त्यातला प्रत्येक आकडा खरा होता आणि तरीही त्या तक्त्यातून निघालेला निष्कर्ष चुकीचा होता.

माझ्याकडे कपाशीवरील लाल ढेकण्याचे काम होते. तोंडाला मलमलीचे कापड बांधलेल्या काचेच्या बरण्यांमध्ये, भिजवलेल्या सरकीवर, आम्ही त्याची पिल्ले वाढवत असू. निंबोळी अर्काचा त्यांच्यावर काय परिणाम होतो हे पाहायचे होते. ७२ तास उलटले तेव्हा अर्क फवारलेली बरणी आणि नुसते पाणी फवारलेली बरणी यांत काडीचाही फरक नव्हता. दोन्हींत पिल्ले सरकीभोवती गोळा होऊन सोंड खुपसून बसलेली होती. तक्त्यात शून्ये भरली गेली, परिणाम नगण्य असा शेरा पडला आणि विषय मिटला. ते प्रपत्र कोण्या एका माणसाने आखलेले नव्हते, आमच्या सगळ्यांच्या आधीपासून ते तसेच चालत आलेले होते, त्यामुळे दोष तरी कोणाला द्यायचा.

बरण्यांत सरकी उरली होती म्हणून मी त्या लगेच रिकाम्या केल्या नाहीत. आठवडाभराने पाहिले तेव्हा अर्काच्या बरणीत पिल्ले कात टाकू लागली होती, आणि त्यांना ती टाकता येत नव्हती. एक पिल्लू मी भिंगाखाली धरले. पाठीवर कात उभी फाटलेली, डोके आणि पुढचे पाय बाहेर आलेले, मागचे दोन पाय आणि पोटाचा शेवट मात्र जुन्या कातीत अडकलेला. ते थोड्या थोड्या वेळाने जोर करी, मग थांबे. नव्या त्वचेला लाल रंग धरायला हवा होता, तिथे फिकट गुलाबी झाक होती. पाण्याच्या बरणीतली त्याची भावंडे तोवर एक पायरी पुढे जाऊन टपोरी झाली होती. म्हणजे अर्काने काम केले होते. फक्त ते काम आमच्या शेवटच्या रकान्यानंतर सुरू झाले होते.

त्या खरिपात मी हा अर्क आमच्या शेतावर नेला. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, शंभर लिटर पाणी होईल इतका पातळ केलेला. बाबांनी पाठीवरचा पंप घेऊन स्वतः फवारला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पऱ्हाटीतून फिरून आले आणि एवढेच म्हणाले, ‘‘अवं माय, हे तं जित्तेच हायेत.’’ मी त्यांना कात टाकण्याची गोष्ट समजावून सांगितली, त्यांनी ती शांतपणे ऐकूनही घेतली. चौथ्या दिवशी त्यांनी कृषी केंद्रातून जहाल औषध आणून मारले. मला तेव्हा फार लागले. पुष्कळ वर्षांनी, अमेरिकेतील कपाशीच्या एका भुंगेऱ्यावर झालेल्या चाचण्यांची जुनी टिपणे वाचताना माझ्या लक्षात आले की बाबांचा प्रश्न आणि माझ्या तक्त्याचा प्रश्न एकच होता, आणि त्याच प्रश्नापाशी मोठमोठ्या प्रयोगशाळाही अडल्या होत्या.

तो भुंगेरा म्हणजे बोल वीव्हिल. आपल्याकडे त्याचे नाव घेतले की लोक बोंडअळी समजतात, पण बोंडअळी ही पतंगाची अळी आहे आणि हा धान्यातल्या सोंड्यांच्या कुळातला, पुढे लांब सोंड असलेला, राखी-तपकिरी रंगाचा, जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा भुंगेरा आहे. भारतात तो नाही, आणि येऊ नये म्हणून आपल्या संगरोधाच्या यादीत त्याचे नाव आहे. मी त्याला इथे सोंड्या म्हणेन. १८४३ मध्ये बोहेमन या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. १८९२ च्या सुमारास रिओ ग्रांदे नदी ओलांडून तो टेक्सासमधील ब्राउन्सव्हिलच्या परिसरात आला आणि पुढच्या तीस वर्षांत त्याने अमेरिकेचा जवळजवळ सगळा कापूसपट्टा व्यापला. अलाबामातील एंटरप्राइज गावाने १९१९ मध्ये या किडीच्या नावाने स्मारक उभारले, कारण तिच्यामुळे कापूस सोडून भुईमुगाकडे वळलेल्या शेतकऱ्यांचे भले झाले होते. ही गोष्ट सगळीकडे कौतुकाने सांगितली जाते. मला मात्र ती वाचताना ज्यांच्यापाशी वळायला दुसरे पीकच नव्हते, त्या दक्षिणेतील वाटेकरी कुळांची आठवण येते. त्यांतली कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबे कर्जाच्या वहीसकट जमीन सोडून उत्तरेकडे गेली, आणि त्यामागच्या अनेक कारणांत हा सोंड्याही होता.

या किडीचे मर्म तिच्या राहण्याच्या जागेत आहे. कपाशीला बोंडाआधी फूल येते आणि फुलाआधी पाते येते. तीन हिरव्या दातेरी पानांच्या मुठीत मिटलेली कळी. सोंड्याची मादी आपल्या सोंडेने त्या कळीला भोक पाडते, आत एकच अंडे ठेवते आणि भोक बुजवून टाकते. त्या जागी पुढे चामखिळीसारखा बारीक उंचवटा येतो. तीन ते पाच दिवसांत अंडे फुटते. बिनपायांची, पांढरी, वाकडी अळी कळीच्या आत बसून कळीच खाते, आतच कोषात जाते, आणि साधारण तीन आठवड्यांनी नवा भुंगेरा कळी कुरतडून बाहेर येतो. मधल्या काळात कळी पिवळी पडते, तिची तीन पाने फाकतात आणि ती गळून जमिनीवर पडते. शेतकऱ्याला दिसते ती फक्त पातेगळ. अळीला ना ऊन लागते ना वारा, आणि अर्थातच फवाराही लागत नाही.

म्हणून सोंड्यावर जे जे मारले गेले, ते सगळे मोठ्या भुंगेऱ्यांवर मारले गेले. आधी कॅल्शियम आर्सेनेटची भुकटी. लुइझियानातील टॅलुला येथून ती विमानातून धुरळण्याचे प्रयोग १९२०च्या दशकात झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि त्याची क्लोरीनयुक्त भावंडे आली, आणि १९५५ पर्यंत लुइझियानातले भुंगेरे त्यांना दाद देईनासे झाले. मग मिथाइल पॅराथिऑन, अ‍ॅझिनफॉस-मिथाइल, मॅलाथिऑन. एका टप्प्यावर अमेरिकेच्या शेतीत वापरल्या जाणाऱ्या एकूण कीटकनाशकांपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या या किडीवर खर्ची पडत होते, असा हिशेब नेहमी दिला जातो. या फवाऱ्यांनी सोंड्या मरत असे, पण त्याबरोबर कोळी, ढालकिडे, क्रायसोपा हे किडी खाणारे मित्रकीटकही मरत, आणि मग त्यांनी आवरून धरलेल्या बोंडअळ्या उसळत. एका किडीसाठी मारलेले औषध दुसरीला मोकळे रान करून देते, हे दृश्य आपल्याकडच्या कापूसवाल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अशा वेळी मारण्यापेक्षा वाढ अडवण्याचा विचार पुढे आला, आणि तोही दोन वेगळ्या वाटांनी आला. पहिली वाट हार्वर्डमधील कॅरोल विल्यम्स यांची. कीटकाला बाल्यावस्थेत ठेवणारा एक स्राव असतो. तो वेळच्या वेळी ओसरला नाही तर पिल्लू प्रौढ होत नाही. १९५६ मध्ये विल्यम्स यांनी एका मोठ्या रेशीमपतंगाच्या नरातून या स्रावाचा अर्क काढला. १९६५ च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियाहून कारेल स्लामा त्यांच्या प्रयोगशाळेत आले आणि सोबत युरोपातले लाल ढेकूण घेऊन आले. तिथे त्या ढेकणांची पिल्ले काही केल्या प्रौढ होईनात, कात टाकून पुन्हा पिल्लेच राहू लागली. खूप शोधाशोध केल्यावर कारण सापडले ते बरणीत अंथरलेल्या कागदात: अमेरिकी कागद बाल्सम फर या झाडाच्या लाकडाचा असे आणि त्या लाकडात ढेकणाच्या बालस्रावासारखा पदार्थ होता. युरोपीय कागदावर तीच पिल्ले व्यवस्थित मोठी होत. पुढे १९६६ मध्ये के. एन. सक्सेना आणि विल्यम्स यांनी हा कागदातला घटक आपल्या कपाशीवरील लाल ढेकण्यावरही चालतो असे दाखवून दिले. माझ्या बरणीतल्या किड्याचा सख्खा भाऊबंद त्या इतिहासात उभा होता, आणि शिकताना हे मला कोणीही सांगितले नव्हते.

दुसरी वाट अपघाताने सापडली. नेदरलँड्समधील फिलिप्स-ड्युफार कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ १९७०च्या सुमारास डायक्लोबेनिल आणि डाययुरॉन या दोन तणनाशकांच्या रेणूंची सांगड घालून अधिक जोरकस तणनाशक मिळते का ते पाहत होते. तसे ते मिळाले नाही. मात्र कीटकांवर तपासताना असे दिसले की या नव्या रेणूने अळ्या लगेच मरत नाहीत, कात टाकायच्या वेळी मरतात. कीटकाची त्वचा म्हणजेच त्याचा सांगाडा असतो, आणि झिंग्याच्या कवचात असते तेच कायटिन तिला बळ देते. हा रेणू नवे कायटिन तयार होऊ देत नाही. नवी त्वचा पातळ आणि दुबळी राहते, आणि कात ओढून काढण्याचा ताण तिला सोसत नाही. त्या पहिल्या रेणूचे सुधारलेले रूप म्हणजे डायफ्लुबेंझुरॉन. मला या शोधात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की तिथल्या कोणीतरी अळ्या दुसऱ्या दिवशी फेकून दिल्या नाहीत.

पण सोंड्यापुढे हे औषध दोन कारणांनी बिनकामाचे वाटायला हवे होते. भुंगेरा एकदा प्रौढ झाला की पुन्हा कात टाकत नाही, म्हणजे ज्याच्यावर फवारा पडतो त्याला त्याचे काहीच नाही. आणि ज्याला कात टाकायची आहे ती अळी पात्यात कुलूपबंद. चाचण्या सुरू झाल्या तेव्हा जे हाती आले ते म्हणूनच इतके विलक्षण होते. औषध खाल्लेली किंवा औषध अंगावर पडलेली मादी नेहमीसारखी हिंडत होती, खात होती, अंडी घालत होती. अंडी फुटत नव्हती. औषध मादीच्या शरीरातून अंड्यात उतरत होते, आत गर्भ घडत होता, पण बाहेर पडायला जे घट्ट जबडे आणि जी ताठ त्वचा लागते तीच त्याला मिळत नव्हती. ज्या पात्यात कोणताच फवारा पोहोचत नव्हता, तिथे औषध पोहोचवण्याचे काम मादी स्वतःच करत होती. कीटकशास्त्रात इतकी सुंदर युक्ती मी फार थोड्या वेळा पाहिली आहे, आणि ती कोणी आधी आखलेली नव्हती म्हणून तर मला ती अधिकच सुंदर वाटते.

आता हे मोजायचे कसे? शेतात जाऊन मेलेले भुंगेरे मोजायचे, तर एकही मेलेला नाही. भोके पडलेली पाती मोजायची, तर ती फवारलेल्या शेतातही तेवढीच, कारण मादी भोक पाडायची थांबलेली नसते. मग पाती तोडून आणायची, चामखिळीचा उंचवटा शोधायचा, सुईच्या टोकाने कळी उकलायची आणि परागकोशांच्या पिवळ्या गर्दीतून ते मोत्यासारखे पांढरट अंडे अलगद उचलायचे. सुई जरा जोरात लागली तर अंडे फुटते आणि नोंद वाया जाते. ओल्या गाळणकागदावर ओळीने अंडी मांडायची, झाकण लावायचे, आणि रोज भिंगाखाली पाहायचे. न फुटणाऱ्या अंड्याच्या पातळ कवचातून आतला गर्भ दिसू शकतो, त्याच्या जबड्याचे तपकिरी ठिपकेसुद्धा. मी सोंड्याची अंडी कधी हाताळलेली नाहीत, पण लाल ढेकण्याची अंडी ओल्या कागदावर मांडून दिवसचे दिवस पाहिली आहेत, आणि ती वाट पाहणे मला ठाऊक आहे. जे घडायला हवे होते ते घडलेले नाही, हे लिहायला धीर लागतो. उद्या ते घडेल का, ही शंका प्रत्येक अंड्याबाबत उरते. शिवाय औषध नसतानाही काही अंडी फुटत नाहीतच, म्हणून नियंत्रण गटाची अंडीही तितक्याच काळजीने मोजावी लागतात आणि दोन्हींची तुलना करावी लागते. अ‍ॅबट यांचे १९२५चे सूत्र कीटकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. ते मुळात नैसर्गिक मृत्यू वजा करण्यासाठी आहे, पण न जन्मलेल्यांच्या हिशेबालाही तेच उपयोगी पडते.

प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट उघड झाली. मादीला औषध लावलेले अन्न देणे थांबवले की काही काळाने तिची अंडी पुन्हा फुटू लागत. नराला या औषधाने वंध्यत्व येत नसे. म्हणजे शेतात मादीच्या पोटात औषध सतत जात राहायला हवे. फवारा पुन्हा पुन्हा हवा, आणि तोही पाती काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढी असताना सुरू व्हायला हवा, म्हणजे थंडीत पाचोळ्याखाली दडून राहिलेल्या माद्या पहिली अंडी घालतील तेव्हाच ती निकामी ठरतील. कपाशी त्या दिवसांत झपाट्याने वाढत असते, कालच्या फवाऱ्यानंतर आज फुटलेल्या पालवीवर औषध नसते, आणि पाऊस आला तर होते तेही धुऊन जाते. म्हणून ते तेलात मिसळून मारण्याचे प्रयोग झाले. तेलामुळे ते पानाला धरून राहते आणि भुंगेऱ्याच्या अंगालाही लागते.

इथवर सगळे तांत्रिक होते आणि तांत्रिक अडचणीला तांत्रिक उत्तर निघते. खरी अडचण निघाली चाचणीच्या शेतात. आम्हाला शिकवतात त्या यादृच्छिक गट मांडणीत एकाच शेताचे लहान लहान वाफे पाडतात, शेजारी शेजारी वेगवेगळी औषधे मारतात आणि फरक काढतात. मारक औषधाला ही मांडणी चालते. वंध्यत्व आणणाऱ्या औषधाला ती अजिबात चालत नाही. सोंड्या उडतो. या वाफ्यातली मादी त्या वाफ्यात जाते. बांधापलीकडच्या, काहीच न फवारलेल्या शेतातली मादी इथल्या पात्यात अंडे घालून जाते आणि ते अंडे फुटते. तक्त्यात औषध अपुरे दिसते, प्रत्यक्षात अपुरी असते ती शेताची हद्द. त्यामुळे हे औषध खरोखर तपासायचे तर इतर कपाशीपासून दूर, एकाकी शेते शोधावी लागतात, किंवा सगळा मुलूखच एक वाफा मानावा लागतो. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा रसायनाचा नाहीच, तो या हद्दीचा आहे, आणि जिथे दोन-दोन एकरांचे तुकडे एकमेकांना बांधाने चिकटलेले आहेत तिथे तो आणखी टोचतो.

सगळा मुलूख एक वाफा मानण्याचे धाडस अमेरिकेने केले. १९७१ ते १९७३ या काळात दक्षिण मिसिसिपीत निर्मूलनाचा पहिला मोठा प्रयोग झाला. १९७८ ते १९८० या काळात नॉर्थ कॅरोलायना आणि त्याला लागून असलेल्या व्हर्जिनियाच्या भागात दुसरी चाचणी झाली, आणि तिच्यात डायफ्लुबेंझुरॉनला जागा होती. त्या चाचणीत कामगंध सापळे होते. त्यांतला गंध म्हणजे नर सोंड्याचा चार घटकांचा स्राव, जो १९६९ मध्ये टमलिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला होता. हंगामाच्या शेवटी, भुंगेरे थंडीच्या निद्रेला जाण्याआधी, त्यांच्यावर मारलेले फवारे होते. आणि वांझ केलेले भुंगेरे सोडणे होते. या शेवटच्या कामातही वाढ अडवणाऱ्या या औषधाचा, म्हणजे वाढ नियंत्रकाचा, एक वेगळाच उपयोग झाला. गॅमा किरणांची पुरेशी मात्रा दिली तर सोंड्या वांझ होतो, पण त्याच्या आतड्याचे अस्तर त्या किरणांनी उद्ध्वस्त होते आणि तो थोड्याच दिवसांत मरतो. मेलेला वांझ नर काय कामाचा? म्हणून भुंगेऱ्यांना आधी डायफ्लुबेंझुरॉन चारून, मग किरणे देण्याची पद्धत अभ्यासली गेली. ज्या औषधाची ख्याती न मारण्याची होती, ते इथे भुंगेऱ्याला जिवंत ठेवून वांझ करण्याच्या कामी आले.

त्या मुलखातून सोंड्या नाहीसा झाला. परंतु सापळे, हंगामअखेरचे फवारे, वांझ भुंगेरे, वाढ नियंत्रक हे सगळे एकाच मुलखात, एकाच काळात वापरलेले असताना श्रेय कोणाला किती द्यायचे? ज्या औषधाची परीक्षा फक्त मोठ्या क्षेत्रातच होऊ शकते, त्याला मोठ्या क्षेत्रात एकटे उभे राहायला कधी मिळतच नाही. मी या गोष्टीवर बराच विचार केला आहे आणि मला त्यातून सुटका दिसत नाही.

पुढे निर्मूलनाची मोहीम राज्यामागून राज्यात गेली, आणि तिचा कणा झाले मॅलाथिऑन, सापळ्यांची दाट जाळी आणि हंगाम संपताच पऱ्हाट्या नष्ट करण्याची सक्ती. २००९ पर्यंत टेक्सास सोडून बहुतेक सगळा कापूसपट्टा सोंड्यापासून मुक्त झाला. मेक्सिकोच्या सीमेवर, जिथून तो आला होता त्याच रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात, तो टिकून राहिला. ब्राझीलमध्ये तो १९८३ मध्ये कांपिनासजवळ सापडला आणि तिथले शेतकरी त्याच्याशी अजूनही झुंजत आहेत. वाढ नियंत्रक मागे पडले. मला त्याची हळहळ वाटते, तरी त्यामागची कारणे खोटी नाहीत. निर्मूलनाला अखेरचा भुंगेराही मरायला हवा असतो आणि तो आज मरायला हवा असतो. सापळ्यात काल दहा होते आणि आज दोन आहेत, हे लोकांना पटते. पात्यातली अंडी फुटली नाहीत, हे पटवण्यासाठी प्रत्येक गावात एक भिंग आणि एक धीराचा माणूस लागला असता. शिवाय हे औषध निरुपद्रवीही नव्हते. मित्रकीटकांना त्याने पुष्कळ जपले, पण कायटिन नदी-नाल्यांतल्या खेकड्या-झिंग्यांच्या अंगातही असते, आणि पाण्यात गेलेले डायफ्लुबेंझुरॉन त्यांची कात आणि कीटकाची कात असा भेद करत नाही.

आपल्याकडे २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली, आणि त्याच खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे गेली. जहाल औषधाची घाई माणसाला कुठे नेते हे मी त्या महिन्यांत जवळून पाहिले, आणि ते दुःख अजून ओले आहे. तेव्हापासून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, घेऊ नका, कामगंध सापळे लावा, पऱ्हाट्या वेळेत काढा असे गावोगाव सांगितले जाते. ही सगळी तीच मुलूखभर एकत्र करायची कामे आहेत. एका शेतकऱ्याने फरदड मोडली आणि शेजाऱ्याने राखली, तर शेजारचा पतंग बांध ओलांडून येतोच. वाढ नियंत्रक गटातली औषधे आज आपल्या कृषी केंद्रांच्या फळ्यांवर आहेत, शिफारशींमध्येही आहेत. पण दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो ते तासांत, आणि गिऱ्हाईकही विचारते ते तासांतच.

मी आता जे तक्ते आखते, त्यात शेवटचा रकाना २१ दिवसांचा असतो आणि त्याच्या शेजारी आणखी दोन: कात अडकलेली पिल्ले आणि न फुटलेली अंडी. विद्यार्थी कुरकुरतात, कारण काम तिप्पट होते. त्यांना मी बाबांची गोष्ट सांगते, तीही पूर्ण.

त्या खरिपात बाबांनी चौथ्या दिवशी जहाल औषध मारले खरे, पण पंप विहिरीकडच्या दोन ओळींपाशी संपला आणि तेवढ्यासाठी पुन्हा भरायचे त्यांनी टाळले. मी परत महाविद्यालयात गेले होते. दहाएक दिवसांनी ते काही कामानिमित्त शहरात आले आणि वसतिगृहाच्या दारात उभे राहून खिशातून एक काडेपेटी काढली. आत कापसाच्या बोळ्यावर पाच लाल ढेकणे होते. दोघांचे पंख चुरगळलेले, कागद मुठीत दाबून सोडल्यासारखे. दोघांच्या मागच्या पायांना कातीची चिंधी लोंबत होती. पाचवा अंगाने धड दिसत होता, पण त्याचे पंख पाठीच्या निम्म्यावरच थांबले होते. ‘‘इहिरीकडच्या ओळीतले हायेत,’’ बाबा म्हणाले, ‘‘हे पाय बरं, अशेच व्हते का तुह्या बरणीत?’’ मग त्यांनी पेटी माझ्या हातून परत घेतली, उजेडाकडे धरली आणि बोटाने तो पाचवा हलवून पाहिला. ‘‘हा अजून जित्ता हाये. लिहून घे.’’